‘येतो’ म्हणणारं मशीन

सकाळी साडेसातला सुनंदाच्या नवऱ्याचा फोन आला. "दादा, सुनंदा गेली." मी विचारलं, "एवढ्या सकाळी कुठं?" पलीकडून रडणं ऐकू आलं. जन्मभर शाळेत मराठी शिकवलेल्या मला ‘गेली’चा अर्थ कळला नाही. सहा आठवडे झाले, माझा तो प्रश्न मला अजून टोचतो. बावन्न वर्षांची बाई, ना बीपी ना शुगर, दोनच दिवसांपूर्वी माझ्याकडे चहात जास्तीची साखर मागून घेणारी, ओट्याशी उभी असताना कोसळते आणि संपते. हे मला पटलेलं नाही. पटवून घ्यायची इच्छाही नाही.

सुनंदा माझी मावसबहीण. कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये सहायक होती. एका वर्षी कॉलेजनं दहा नेटबुक, म्हणजे छोटे लॅपटॉप, भंगारात काढले. वीतभर पडदा, तोही बोटानं चालणारा, पण अंगात ताकद बेताची. मूळची प्रणाली सुरू होईपर्यंत चहा करून प्यायला तरी वेळ उरायचा. सुनंदानं प्राचार्यांना विचारून ते सगळे पोत्यात घालून घरी आणले आणि पेनड्राइव्हवरून त्यांच्यावर हलकंसं लिनक्स, ही कुणालाही फुकट घेऊन हवी तशी बदलता येणारी प्रणाली, चढवलं. मशीन पळायला लागलं, पण बोट लागेना. वर टेकवलं की बाण खाली, डावीकडे टेकवलं की उजवीकडे. आठ दिवस नवऱ्याला पिठलं-भात खाऊ घालून ती त्या बोटाच्या मागे लागली होती. मग एका दुपारी फोनवर ओरडली, "दादा, बोट लागलं की रं एकदाचं!"

"आता ह्याला मराठी शिकवूया," म्हणून तिनं मला धरलं. पडद्यावरच्या एकेका सूचनेचं मराठी मी करायचं आणि तिनं ते आत घालायचं. ‘जतन करा’, ‘पुन्हा प्रयत्न करा’, सगळं माझं घेतलं. फक्त मशीन बंद होताना दिसणारं ‘बंद होत आहे’ काही तिला रुचेना. तिथं तिनं लिहिलं, ‘येतो’.

"अगं, यंत्र नपुंसकलिंगी. निदान ‘येतं’ तरी कर."

"मी म्हणतो तसंच म्हणणार त्ये. आन् घरातनं निघताना माणूस ‘बंद होतोय’ म्हणतंय व्हय?"

आमच्या कोल्हापुरात बायकाही ‘आलो’, ‘गेलो’, ‘येतो’च म्हणतात. लहानपणापासून मी तिला ‘येते म्हण’ सांगत आलो आणि तिनं ते एकदाही ऐकलं नाही. "मालक थोडाच विचारायचाय ह्याला? उघडायचं आन् आपल्याला पायजे तसं करायचं," असं म्हणून तिनं दहाच्या दहा मशीनांत ‘येतो’ घातलं. एक मला दिलं, बाकीची शिरोळ, हातकणंगले, जिथं गरज दिसली तिथं वाटून टाकली.

मध्यंतरी माझे एक जुने सहकारी घरी आले. पडद्यावरचं ‘येतो’ बघून पोट धरून हसले. "मराठीच्या मास्तराच्या घरी ही भाषा?" मला ते नको तेवढं लागलं. शनिवारी सुनंदा आली तेव्हा मी म्हटलं, माझ्या मशीनवरचं ते काढ.

"खरंच काढू?"

"काढ."

"तुझं मशीन बाबा," म्हणाली आणि मशीन पुढ्यात ओढून खाली मान घालून बसली. तेवढ्यात मला फोन आला. बोलून झालं तेव्हा ती जिना उतरून गेली होती. जाताना ‘येतो, दादा’ म्हणालीच असणार... मला ऐकू आलं नाही. सोमवारी ती गेली.

त्यानंतर मी मशीन बंदच केलं नाही. नुसतं झाकण मिटून चार्जरला लावून ठेवत होतो. मनात म्हणायचो, तिनं माझं कधी ऐकलंय, आताही ऐकलं नसेल. गेल्या आठवड्यात मन घट्ट करून ‘बंद करा’वर बोट ठेवलं. ‘बंद होत आहे’. शुद्ध, निर्दोष, माझं मराठी. जन्मात एकदाच तिनं माझं ऐकलं होतं. तो शब्द परत कसा घालायचा, ते मला येत नाही.

दुसऱ्या दिवशी एसटीनं हातकणंगल्याला गेलो. तिथल्या वाचनालयात तिचं एक मशीन आहे. ग्रंथपाल म्हणाले, "बसा की पावणं, कुठलं पुस्तक पायजे?" मी म्हटलं, पुस्तक नको, बंद व्हायच्या वेळेपर्यंत बसू द्या. त्यांनी जरा चमकून बघितलं, पण बसू दिलं. सहा वाजता त्यांनी खिडक्या लावल्या, पंखा बंद केला आणि येऊन पडद्यावर बोट टेकवलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. ‘येतो’.

ग्रंथपालांनी किल्ल्या उचलल्या आणि पडद्याकडे न बघताच म्हणाले, "या, ताई."

"रोज म्हणता?" मी विचारलं.

"व्हय की. कुणी ‘येतो’ म्हटल्यावर आपण ‘या’ म्हणायला नको?"

त्या शनिवारी माझ्या हातात फोन होता.