हनीफचाचांच्या भिंतीवरचा खिळा

बातमीदाराचं छापून येतं ते थोडं, डायरीत पडून राहतं ते जास्त. हलाल सर्टिफिकेटची बातमी करायला निघालो आणि डायरी किश्श्यांनीच भरली.

संपादक म्हणाले, बिस्किटावरही हलालचा शिक्का असतो, भानगड काय ते शोधा. माहिती नाही आणि भानगड ठरलेली! मी भांडलो. भांडलो म्हणून काम माझ्याच गळ्यात पडलं.

*

आमचा फोटोग्राफर सलीम नागपूरकडच्या रेल्वेवाल्यांचा मुलगा. त्याला विचारलं, बिस्किटात कापायचं काय असतं?

"मले कावून विचारून राहिला भाऊ? आमच्या घरी हे खातं शमीमकडे हाय."

*

सलीमची बायको, शमीमभाभी, भिंग घेऊन पाकिटाची मागची बाजू वाचतात. जिलेटिन कोणत्या जनावराचं, इसेन्समध्ये अल्कोहोल आहे का. शिक्का दिसला की भिंग ड्रॉवरमध्ये.

मी खोचकपणे विचारलं, शिक्काच खोटा निघाला तर?

"तर गुनाह शिक्का मारणाऱ्याचा. न बघता घेतलं तर माझा."

मी ते वाक्य तसंच डायरीत उतरवलं. वादात मला हरवणारी माणसं भिलाईत फार नाहीत.

*

कोंबडी मात्र भाभी शिक्का न बघता घेतात, कारण कॅम्प-1 वस्तीतलं दुकान त्यांच्या वडिलांचं, हनीफचाचांचं. चाचा गिऱ्हाईकासमोर कापतात आणि बिस्मिल्ला एवढ्या मोठ्यानं म्हणतात की रांगेतल्या शेवटच्यालाही ऐकू जावं.

पण पलीकडच्या गल्लीत नवं दुकान निघालं, भिंतीवर फ्रेममध्ये सर्टिफिकेट. जुन्या गिऱ्हाइकांची शिकलेली मुलं चाचांनाही कागद विचारू लागली. जवळच्याच जामुलच्या एका लग्नाची ऑर्डर तिकडे गेली, तेव्हा चाचा दिवसभर सुरीला धारच लावत बसले.

मी चिडून म्हटलं, लिहितो त्या नव्या दुकानदाराविरुद्ध. चाचांनी हात धरला. "मत लिखिए. लडका सही काटता है, मैं देखकर आया हूँ."

*

शेवटी सलीमनं चाचांसाठी सर्टिफिकेटचा अर्ज भरला आणि फ्रेमसाठी दुकानाच्या भिंतीत खिळाही ठोकून ठेवला.

रायपूरहून सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचे तपासनीस आले. हातातली पिशवी त्यांनी त्याच खिळ्याला अडकवली आणि कामाला लागले. सुरीची धार बघितली, नाली बघितली, चाचांना प्रश्नांवर प्रश्न विचारले. दुपार सरली. फाइल मिटून म्हणाले, रिपोर्ट पाठवतो, निर्णय वरून येईल, वेळ लागेल.

चाचांचा चेहरा उतरला.

तपासनिसांनी खिळ्यावरची पिशवी काढली आणि चाचांपुढे धरली.

"दो किलो कर दीजिए. घर ले जाना है."