डावीकडे वळलेल्या माना

एदुविना चिग्वाय ही आमच्या चेल्कोन बेटावरची मानेची हाडवैदीण. हाडवैदीण म्हटलेलं तिला खपायचं नाही. "हाडाला मी हात कुठं लावते? मी फक्त मानेची समजूत काढते," म्हणायची. कुणाचा हात मोडला, कुणाची कंबर धरली, तर लोक दुसरीकडे जात. पोराची मान धरली की मात्र तिच्याच दारात. आणि येताना पोराला शालीत गुंडाळून, मागच्या वाटेनं, कुणी बघणार नाही असं आणत.

कारण चिलीच्या दक्षिणेला, आमच्या चिलोएच्या बेटांवर पोराची मान वाकडी होणं हे साधं दुखणं नाही. डोंगरातल्या गुहेत चेटके राहतात. गुहेच्या तोंडाशी राखणीला त्यांना एक पोर लागतं. पळवून आणलेल्या पोराची मान ते रोज थोडी थोडी पिरगाळत नेतात, तोंड पाठीकडे होईपर्यंत. त्याला इंबुंचे म्हणतात. त्याला बोलता येत नाही, ते बकरीसारखं ओरडतं. मी पाहिलंय असं मी म्हणत नाही. खोटं आहे असंही म्हणणार नाही.

एदुविनाचा धाकटा भाऊ अबेल जन्मला तोच डोकं उजव्या खांद्यावर टेकवून, हनुवटी डावीकडे. मानेत उजवीकडे घेवड्याच्या दाण्याएवढी गाठ. त्याची धर्ममाता बाळाला बघायला आली, शाल बाजूला केली, आणि पुढ्यातला बटाट्याचा पाव तसाच टाकून चालती झाली. त्या दिवसापासून घराकडे कुणी फिरकेना. आईनं पोर माळ्यावर बटाट्यांच्या ढिगाशेजारी ठेवलं. उजेड यायचा तो एका फळीच्या फटीतून. अबेल तिकडेच बघत वाढला. खाली उतरला तेव्हा त्याचा चेहरासुद्धा एका बाजूला ओघळल्यासारखा झाला होता. मिसरूड फुटल्यावर तो मेंढ्या कातरायला दक्षिणेकडे गेला, तो गेलाच.

एदुविना पुढे कास्त्रोच्या दवाखान्यात चादरी धुवायला राहिली. तिथं तिनं बघितलं, की अशाच मानेचं बाळ नर्सबाईनं टेबलावर पालथं घातलं आणि दुसऱ्या बाजूनं खुळखुळा वाजवला. बाळ रडलं, पण तिकडे वळलं. रोज तेच. काही महिन्यांत मान सरळ. त्या नर्सबाईच्या मागे लागून एदुविना सगळं शिकली. घरी परत आली तेव्हा आई वारली होती. ती माळ्यावर चढली आणि ती फट तिनं दोन्ही बाजूंनी मोठी फोडून काढली, असं म्हणतात.

त्यानंतर बेटावर जन्मलेलं प्रत्येक बाळ तिनं बघितलं. न बोलावता यायची. पाळण्याजवळ गुडघ्यांवर बसायची, एका बोटानं मानेची एक बाजू चाचपायची, मग दुसरी. मग आईला म्हणायची, "आज पायाकडे डोकं कर. आठवड्यानं पुन्हा फिरव. चूल कधी इकडे दिसू दे, कधी तिकडे. जागं असलं की पोटावर घाल, मांडीवर. झोपवताना पाठीवर." बाळाची मान अवघडलेली असली तर ती त्या आईला सोडायचीच नाही, दर बोटीला कास्त्रोला पाठवायची.

चेटक्यांवर तिचा विश्वास नव्हता असं नाही. दारावर मीठ टाकल्याशिवाय ती आत यायची नाही.

ज्या हिवाळ्याची गोष्ट सांगायची, त्या हिवाळ्यात धुकं बेटावर येऊन बसलं ते उठेचना. भर दुपारी गोठा दिसत नव्हता. माझा नवरा दूर दक्षिणेला, मागायानेसला, मेंढ्या राखायच्या कामाला गेलेला. घरात मी आणि माझी निदिया, शाळेत जाणारी.

एका सकाळी शाळेतली एक मुलगी मान डावीकडे वळवूनच उठली. सरळ होईना. दुसऱ्या दिवशी आणखी एक. मग दोन भाऊ, एकाच खाटेवरून. सगळ्यांची तोंडं डावीकडे. आणि शाळेत बसलं की डावीकडे येतो तो कामावे डोंगर, त्यातली ती गुहा.

मी निदियाला आणायला शाळेत गेले होते. मास्तरांनी हाक मारली तशी ती चौघं वळली. मान वळेना, म्हणून खांद्यापासून कमरेपर्यंत अख्खी वळली, घुबडं फांदीवर फिरतात तशी, एकदम, आवाज न करता. माझ्या हातातली टोपली पडली.

त्या दिवसापासून लोकांनी खिडक्यांना फळ्या ठोकल्या. उंबऱ्यावर मीठ, दाराला लाकडी क्रूस. कुणी म्हणालं, धुक्यात बकरी ओरडते, आणि बेटावर तर बकरी नव्हतीच. आणि मग बेलार्मिनोचं नाव निघालं.

बेलार्मिनो किनाऱ्याच्या टोकाला एकटा राहणारा म्हातारा कोळी. धुक्यात बोट घेऊन जायचा आणि धुक्यातूनच परत यायचा. कसा यायचा हे कुणाला ठाऊक नव्हतं. "आम्ही चाचपडत दगडावर आपटतो, आणि ह्याला वाट कोण दाखवतं?" असं बाप्ये मंडळी म्हणू लागली. माते, म्हणजे पानांचा कडू काढा, पीत बसलेली ती माणसं पुन्हा पुन्हा दाराशी टेकवलेल्या वल्ह्यांकडे बघत होती. मला ते आवडलं नाही.

एदुविना आधी शाळेत गेली. ती घाबरली होती, मला दिसत होतं. खिशातलं मीठ ती मुठीत घट्ट धरून होती. पण तिनं मुलांना त्यांच्या जागी बसवलं आणि स्वतःही एका छोट्या बाकावर गुडघे दुमडून बसली. बराच वेळ बसली. मग मानेला हात लावून म्हणाली, "आई गं! मास्तर, ही बाकं कधी हलवली?"

ग्वेनतेओ मास्तर म्हणाले, "शेगडीचं धुराडं फुटलंय ना, ठिणग्या पडतात. म्हणून सगळी बाकं भिंतीला सारली. फळा मात्र तिथंच राहिला."

"म्हणजे दिवसभर पोरं मान मोडून डावीकडे बघतात. आणि खिडकीच्या फटीतून गार वारा येतो तो मानेवरच."

मास्तरांनी कपाळावर हात मारला. "माझ्या लक्षातच नाही आलं हो! उचला रे, फळा उचला!"

"चेटके असतात," एदुविना मला बाहेर म्हणाली. "पण ते बाकं हलवायला येत नाहीत."

त्या चौघांना तिनं आपल्या चुलीपुढे बसवलं. मोज्यात गहू भरून गरम केले, आधी स्वतःच्या गालाला लावून बघितले, आणि मोजे त्यांच्या मानेवर ठेवले. मग समोर कोंबडीचं पीस धरून हळूहळू उजवीकडे नेलं. "डोळ्यांनी जा त्याच्यामागे. मान येईल तेवढी येऊ दे. दुखलं की थांब, शहाणपणा नको." एका मुलाच्या आजीनं मान धरून झटका द्यायला हात पुढे केला, तर एदुविनानं तिच्या बोटांवर चमचा मारला. "मोडायचीय का पोराची? मान आहे ती, कोंबडी नाही!"

दोन-तीन दिवसांत चौघं सरळ बघायला लागली. पण धुकं गेलं नाही आणि लोकांच्या मनातलं भयही गेलं नाही. "बाकांमुळे म्हणे!" म्हणून बायका कुजबुजत होत्याच.

आणि एका सकाळी माझी निदिया उठली तीच वाकडी. उशीत डोकं मागे रुतवून, छताकडे बघत. मी तिला शालीत गुंडाळून एदुविनाकडे धावले.

एदुविना हसूनच म्हणाली, "आता तुझी पाळी का गं, चिमणे?" आणि तिनं हात पुढे केला. कपाळाला हात लागताच तिचं हसू मावळलं. "अंग तापलंय. ओकली का?"

"पहाटेपासून दोनदा."

"निदिया, हनुवटी छातीला लाव बघू. मी हात लावत नाही, तूच लाव." निदिया किंचाळली. चुलीच्या उजेडाकडे बघवेना तिला, डोळे घट्ट मिटले. एदुविनानं दोन्ही हात आपल्या पाठीमागे नेले, जणू कुणी ते पुढे ओढेल.

"हिला मी शिवणार नाही, मिरेया."

मला वाटलं, चेटक्यांनी माझ्या पोरीचा घास घेतलाच. "का? काय दिसलं तुम्हाला? एदुविनाबाई, सांगा ना!"

"ताप आणि ताठ मान एकत्र आली की ते माझं काम नाही. ते डॉक्टरचं काम, आणि तेही आत्ता, लगेच. दवाखान्यात पाहिलंय मी. बोट हवी."

आरोग्य चौकीतला माणूस पलीकडच्या बेटावर अडकलेला. रेडिओवर नुसती खरखर. धक्क्यावर बाप्ये उभे होते, पण त्या धुक्यात खाडी ओलांडायला एकही तयार होईना. एदुविना कुणाशी वाद घालत बसली नाही. सरळ किनाऱ्याच्या टोकाला गेली आणि बेलार्मिनोचं दार ठोकलं.

"चल, म्हाताऱ्या. पोर घेऊन जायचंय खाडीपलीकडे, आचाओच्या बंदराला."

"माझ्या बोटीत?" तो म्हणाला. "लोक काय म्हणतील, ठाऊक आहे ना?"

"ते म्हणून झालेलंच आहे."

बोट निघाली आणि किनारा पुसला गेला. पुढे काही नाही, मागे काही नाही, माझ्या मांडीवर निदियाचं तापलेलं डोकं. बेलार्मिनो मधूनच इंजिन बंद करायचा, कान देऊन लाटांचा आवाज ऐकायचा, मग सुकाणू जरासं वळवायचा. एकदा त्यानं इंजिन बंद केलं आणि मी ऐकलं. डावीकडून अकॉर्डियनचा सूर येत होता. पुष्कळ माणसं हसत होती, नाचताना फळ्यांवर टाचा आपटतात तसा आवाज. तिकडे जमीन नाही. तिकडे नुसता समुद्र आहे. धुक्यात चेटक्यांचं दिव्यांनी उजळलेलं जहाज फिरतं आणि त्याच्याकडे बघणाऱ्याची मान पाठीकडे वळते, असं आमच्याकडे म्हणतात.

बेलार्मिनो हळूच म्हणाला, "तिकडे बघू नका. कुणीच."

एदुविनानं शाल डोक्यावरून पुढे ओढली. मी डोळे मिटले. निदियाला मान वळवता येत नव्हती, तिचे डोळे मात्र अर्धवट उघडे होते. ती म्हणाली, "आई, केवढे दिवे!"

एदुविनानं तिच्या डोळ्यांवर हात ठेवला. कपाळाचा ताप बघितल्यानंतर त्या दिवशी तिनं निदियाला लावलेला तेवढाच हात.

आचाओला रुग्णवाहिका मिळाली, कास्त्रोला डॉक्टर. मेंदूच्या आवरणाला सूज होती. डॉक्टरबाईंनी पाठीतून पाणी काढलं, सुया चालू केल्या आणि मला म्हणाल्या, "उद्या आणली असतीत तर मी काही सांगू शकले नसते." निदिया वाचली. डाव्या कानानं मात्र तिला नीट ऐकू येत नाही. कधीकधी त्या कानात अकॉर्डियन वाजतं म्हणते. डॉक्टर म्हणतात, त्या आजारानंतर असं होतं.

बेलार्मिनोला कुणी मारलं नाही. उलट लोक त्याला जास्तच भ्यायला लागले. असल्या धुक्यातून जो गेला आणि आला, तो कोण असणार? रस्त्यात समोर आला की टोप्या काढायचे आणि मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायचे. तो मेला तेव्हा पेटीला खांदा द्यायला चौथा माणूस मिळेना, तर चौथ्या कोपऱ्याला एदुविना लागली.

ती स्वतः खूप म्हातारी होऊन गेली. शेवटी शेवटी तिला दिसत नव्हतं, पण नवं बाळ जन्मलं की तिला हाताला धरून नेत. माझ्या नातवाच्या वेळी तिला मीच नेली. पाळण्याशी बसली, एका बोटानं मानेची एक बाजू चाचपली, मग दुसरी.

"चांगली आहे," म्हणाली. "कुठल्या अंगाला उजेड आहे?"

"उजवीकडे."

"मग उद्या पाळणा फिरव," ती म्हणाली, आणि उठायला माझा हात मागितला.