नोंदीत नसलेली दोन मिनिटं

आमच्या लॉ स्कूलच्या जर्नलचं संपादक मंडळ दर एप्रिलला बदलतं. चोविशी-पंचविशीतली पोरं, अजून धड वकीलही झालेली नाहीत, ती पांढऱ्या केसांच्या प्राध्यापकांचे लेख निवडतात, कापतात आणि वर त्यांनाच चार गोष्टी सुनावतात. इथली रीतच तशी आहे. एकोणीस वर्षं या ऑफिसचा कारभार मी बघते, पोरं येतात-जातात, ही मर्ना मात्र जागची हलत नाही. पण ग्लेनिस पेटकॉफसारखी मुलगी मी पाहिली नाही. मुलगी कसली, चव्वेचाळीसची बाई.

लॉ स्कूलला येण्याआधी ती वेसेल काउंटीच्या कोर्टात स्टेनो होती. साक्षीदार, वकील, जज जे जे बोलतील ते मशीनवर टिपायचं, मग टाइप करून खाली सही करायची की ही नोंद खरी आणि संपूर्ण आहे. लेक कॉलेजात गेल्यावर हिने नोकरी सोडली आणि वकील व्हायचं मनावर घेतलं. पोरं तिला आजीबाई म्हणायची आणि अडलं की तिच्याकडेच धावायची. कारण तळटिपा तपासायला तिच्यासारखं कोणी नव्हतं. आमच्याकडे लेखातल्या प्रत्येक तळटिपेचा मूळ कागद मिळवायचा, लेखक म्हणतो ते त्यात खरंच आहे का बघायचं आणि तक्त्यावर खूण करून सही करायची, असं हे किचकट काम.

फेब्रुवारीत तिच्या वाट्याला एका बड्या प्राध्यापकाचा लेख आला. विषय होता गरिबांच्या बाजूने उभे राहणारे आणि ऐन वेळी तोंड न उघडणारे वकील. सुरुवातच रसेल हायनमन नावाच्या वकिलाच्या उदाहरणाने केली होती. पोलिसांनी वॉरंट नसताना अशिलाच्या गॅरेजचं कुलूप तोडलं, तरी हे महाशय मुके बसले. खालच्या कोर्टात हरकत घेतली नाही म्हणून वरच्या कोर्टाने तो मुद्दा ऐकूनच घेतला नाही. अशील सहा वर्षं आत राहिला. तो सुटला आणि मागच्या वर्षी वारला, हेही लेखात होतं. तळटिपेत खटल्याच्या नोंदीचा हवाला होता. तो कागद मंगळवारी आला आणि ग्लेनिसने मला दार लावून घ्यायला सांगितलं.

तिने शेवटचं पान माझ्यापुढे सरकवलं. ती नोंद तिनेच घेतलेली होती, खाली सही तिचीच.

नोकरीला तिसराच महिना होता तेव्हा. मशीनचा कागद अडकला. नियम असा की स्टेनोने हात वर करून कामकाज थांबवायचं. पण आदल्याच दिवशी तिने थांबवलं म्हणून जजने भर कोर्टात तिची खरडपट्टी काढली होती. ती भ्याली. कागद सुटेपर्यंत दोन मिनिटं गेली, आणि नेमका तेवढ्यात हायनमन उठून बोलला. जजने मान हलवून हरकत फेटाळली. टाइप करताना तिने मागचं-पुढचं जोडून टाकलं. फेटाळलेलीच तर आहे, कोणाचं काय बिघडणार, असं तिला वाटलं होतं. पुढे काय झालं ते तिला या लेखातून कळलं, चौदा वर्षांनी.

ती मुख्य संपादक थॅडकडे गेली. थॅड पोरगा वाईट नाही, पण शुक्रवारी दुपारी अंक छापायला जायचा होता. तो म्हणाला, तळटीप मूळ कागदाशी जुळते, आपलं काम संपलं. मग हळूच म्हणाला की सनद मिळण्याआधी चारित्र्याची चौकशी होते, खोट्या दाखल्यावर सही केली होती हे स्वतःच्या हाताने लिहून देशील तर वकिली विसर. खोटं काय सांगू, मीही तेच म्हटलं. म्हटलं, बये, तीन वर्षं घासलीस, लेकीच्या वयाच्या पोरांचे टोमणे ऐकलेस, आता गप्प बस. अजूनही ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

दोन दिवस तिचं जेवणावर लक्ष नव्हतं. तक्त्यावर बाकी सगळ्या खुणा झाल्या, त्या एका तळटिपेपुढचा रकाना तेवढा कोरा. मी येता-जाता तो बघायची. शुक्रवारी सकाळी पाहिलं तर तिथे तिच्या बारीक अक्षरात सगळं लिहिलेलं होतं. हरकत घेतली होती, नोंद अपुरी आहे, चूक माझी. खाली पूर्ण नाव आणि सही. एक प्रत प्राध्यापकाला, एक काउंटी कोर्टाला पाठवलेली. थॅड लालबुंद झाला, पण अंक थांबवला. सनदेची चौकशी अजून चालू आहे आणि काय होईल ते मला माहीत नाही.

त्याच दिवशी ती म्हणाली, आता हायनमनना फोन करते, तू इथेच बस. फोन तिने स्पीकरवर टाकला.

"मिस्टर हायनमन, मी त्या खटल्यातली स्टेनो. त्या दिवशी तुम्ही हरकत घेतली होती. मी ती टिपली नाही."

मला वाटलं, म्हातारा आता तोंडाला येईल ते बोलणार.

"नक्की?" त्याने विचारलं.

"नक्की, सर."

"मला आठवत होतं उठलो होतो ते," तो म्हणाला. "अपिलाच्या वेळी कागद वाचला, त्यात काहीच नाही. मग वाटलं, आपणच मनाची समजूत घालून घेतली असणार. त्यानंतर फौजदारी खटला घ्यायची छातीच झाली नाही. मृत्युपत्रं करून देतो लोकांना."

ग्लेनिसला रडू आवरेना. ती माफी मागायला लागली तसं त्याने तिला थांबवलं.

"ते नंतर बघू. आधी सांगा, मी काय बोललो होतो?"

तिने डोळे पुसले, पाठ ताठ केली आणि कोर्टात वाचून दाखवतात तशा सपाट आवाजात म्हणाली, "जजसाहेब, माझी हरकत आहे. कुलूप तोडलं तेव्हा पोलिसांकडे वॉरंट नव्हतं. कोर्टाला मान्य नसलं तरी माझी हरकत नोंदवून घ्यावी."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"थांबा जरा," तो म्हणाला. "बायकोला बोलावतो. तिच्यासमोर परत एकदा म्हणा."