गौरीच्या खोलीतली हवा

मी अमावास्येला गाडी घेतलेला माणूस आहे. आमच्या दाराला लिंबू-मिरची कधी टांगली नाही... मिरची ताटात असते आणि लिंबू सरबतात. ह्या ग्रुपवर लोकांनी लिहिलेले असले अनुभव बरेच दिवस वाचतोय आणि खरं सांगायचं तर बऱ्याच वेळा हसलोय. त्यामुळे हे वाचून कुणी हसलं तर मला राग येणार नाही. दुसऱ्या कुणी मला हे सांगितलं असतं तर मीच म्हणालो असतो, "पावणं, डोळं तपासून घ्या जावा."

पण हे माझ्या घरात झालं. भर दिवसा, माझ्या डोळ्यांदेखत.

मी कोल्हापूरचा, गुळाचा व्यापारी. घर कळंब्याच्या रस्त्याला, तलावाच्या थोडं अलीकडं. दोन हजार सालानंतरची, पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. बायको शैला निपाणीकडची, म्हणून घरात निम्मं कानडी चालायचं. आमची एकुलती एक मुलगी गौरी तिला अव्वा म्हणायची आणि मला अप्पा.

गौरीला स्नायू हळूहळू दुबळे करत नेणारा आजार होता. आधी जिना सुटला, मग शाळा, मग खुर्ची. शेवटी उरला पलंग. त्यानंतर श्वास घेणारे स्नायूही दमायला लागले. यावर औषध नाही हे डॉक्टरांनी केव्हाच सांगितलं होतं. "फार उकाडा नको, फार गारठा नको, सर्दी होऊ देऊ नका," एवढंच आमच्या हातात होतं. म्हणून तिच्या खोलीत स्प्लिट एसी बसवला... उन्हाळ्यात गार, थंडीत गरम हवा देणारा. आमच्या भागात तेव्हा एसी म्हणजे अप्रूप. लोक बघायला यायचे आणि गौरीला बघून गप्प व्हायचे.

ती मात्र गप्प बसणारी नव्हती. रेडिओवर क्रिकेटची कॉमेंट्री लावायची आणि पडल्या पडल्या सगळ्या टीमची खरडपट्टी काढायची. "ह्याला कुणी घेतलं ओ अप्पा?" एवढं म्हणेपर्यंत दम लागायचा. मग पुढची शिवी नुसती डोळ्यांनी.

एका उन्हाळ्यात एसीची हवा बदलली. एकसारखी यायची ती आता लाटेसारखी यायला लागली. यायची... ओसरायची... परत यायची. मी म्हटलं, मशीन जुनं झालं. शैला म्हणाली, "गौरीकडं बघा की जरा." बघितलं. तिची छाती वर व्हायची तेव्हा हवा यायची, छाती खाली गेली की ओसरायची. दोन्ही एकदम. मी मान फिरवली. म्हटलं, आपण बघू तसं दिसतं.

गौरीलाच विचारलं तर म्हणाली, "ते माझ्यासंगं श्वास घेतंय अप्पा. मला लै सोपं पडतंय."

आणि तिला खरंच सोपं पडत होतं. गालांवर थोडा रंग आला. एका दमात लांब वाक्य बोलायला लागली. डॉक्टरांनी छाती तपासली आणि "चांगलं आहे की," म्हणाले, पण त्यांच्या कपाळाला आठी होती. त्या महिन्यांत आम्ही दोघं नवरा-बायको एकमेकांशी न बोलता एक आशा धरून बसलो होतो. ती किती वाईट गोष्ट असते हे ज्यानं धरलीय त्यालाच कळेल.

हवा येतेय ते पडून दिसावं म्हणून गौरीनं एसीच्या जाळीला लाल रिबन बांधून घेतली होती. एकदा दुपारी लोडशेडिंग सुरू असताना मी खोलीत गेलो तर रिबन हलत होती. एसी इन्व्हर्टरवर नव्हता. खिडक्या बंद. मी दारात उभा राहून ती रिबन वर-खाली होताना बघितली आणि स्वतःला सांगितलं, खिडकीच्या फटीतून वारं येत असणार. शैलाला काही बोललो नाही.

मग जळका वास यायला लागला. आधी बारीक, मग खोकला यावा इतका. गौरीच घाबरली. "अव्वा, आग लागंल," म्हणाली. आणि लागली असती तर तिला पलंगावरून पळताही आलं नसतं. मी मिलिंदला बोलावलं. मिलिंद माझा शाळेतला मित्र, एसी-फ्रिज दुरुस्तीचं काम करतो. सकाळीच आला. एसी सुरूच होता, हवा येत होती. त्यानं जाळीसमोर हात धरला. "हवा तर झकास हाय की. बंद करतो, उघडून बघूया."

त्यानं वरचं कव्हर काढलं आणि हवा फेकणारा लांब नळकांड्यासारखा ब्लोअर हातानं फिरवायला गेला. फिरेना. जोर लावला. तरी फिरेना. मग मोटर बाहेर काढली, मीटर लावला, काढला आणि परत लावला.

"मल्लू," शेवटी मला म्हणाला, "ही कधीपासनं बंद हाय?"

"बंद कुठली? आत्ता तू हात धरलास की."

"व्हय... धरला." त्यानं मोटर माझ्यासमोर धरली. आतली तार काळी पडून तिचा भुगा झाला होता. दांडा गंजून जाम. "हे कालचं जळालेलं न्हाय गड्या. हिला लै महिने झाल्यात. ही फिरूच शकत न्हाय."

"मग मोटर बंद असताना हवा कुठनं येत होती?"

"तेच म्हणतोय मी. ब्लोअर बंद असला की आतल्या गार नळ्यांवर बर्फ धरतो. हितं बर्फाचा कण न्हाय. म्हंजे हवा खेळत होती..." पलंगावरून गौरी म्हणाली, "काका, ते बदलू नका."

दारातून शैलानं माझ्याकडं बघितलं, मी मिलिंदकडं. पण खोलीत वास भरला होता, काळी तार समोर होती. कोण म्हणेल की तशीच ठेव? मिलिंदनं नवी मोटर बसवली. बटण दाबल्यावर हवा सुरू झाली... जोरात, एकसारखी, कुठंही न ओसरता. रिबन ताठ उभी राहिली.

गौरीनं तिच्याकडं बघितलं. "आता नुसती हवा येतीया," म्हणाली.

त्यानंतर ती खालीच जात राहिली. झोप तुटायला लागली. जेवताना धाप. कॉमेंट्री लावली तरी डोळे मिटून पडायची. रंग गेला. मी मिलिंदच्या दुकानात गेलो आणि जुनी मोटर परत बसव म्हणालो. त्यानं मला वेड्यात काढलं नाही. मोटर त्यानं फेकली नव्हती. "आतली तार, वाइंडिंग, नवीन भरू का?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "काही करू नकोस. होती तशी."

तारेचं प्लास्टिक जळून गेलेलं, म्हणून त्यानं वीज जोडली नाही, नुसती जागेवर बसवली. शैलानं गौरीला उशांवर टेकवून बसवलं. आम्ही वाट बघितली. काहीच नाही. गौरी जाळीकडं बघत हळूहळू श्वास घेत होती, जणू कुणाला तरी आठवण करून देत होती. रिबन हलली नाही. मिलिंद स्टुलावरून उतरला, खोलीबाहेर गेला आणि अंगणातल्या नळाला तोंड लावून तसाच वाकून राहिला. पाणी पीत नव्हता.

"राहू दे अप्पा," गौरी म्हणाली. "गेलंय ते."

पावसाळा संपायच्या आत आमची गौरी गेली. हॉस्पिटलात, दुपारची, शैलाचा हात धरून. डॉक्टरांनी सांगितलं, हा आजार असाच जातो, मशीनचा काही संबंध नाही. मधले चांगले महिने कसे काय, विचारलं तर म्हणाले, कधी कधी होतं तसं.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. जाणत्या लोकांना विचारून बघितलं. कुणी म्हणालं, बाहेरच्या युनिटचा झोत आत येत असेल. कुणी म्हणालं, मोटर मधूनच चालत असेल, मधूनच बंद पडत असेल. मिलिंद ह्यातलं एकही मानत नाही. तो दांडा त्यानं हातात धरलाय. देवाचं म्हणावं तर मी रोज पूजा करतो, पण अशी हवा मागितली नव्हती. भुताचं म्हणावं तर भुतं एवढी मायेची कुठं ऐकली आहेत? मला काही कळलेलं नाही. इथं कुणाला कळलं तरी मला बरं वाटेल असं नाही.

शैला ह्या विषयावर कधी बोलत नाही. एकदाच बोलली. मेथी निवडत बसली होती. वर न बघताच विचारलं, "ते जे कोण होतं... जळालेलं मशीन चालवायचं बळ होतं त्याच्यात. मग तेवढंच आपल्या पोरीच्या छातीत का न्हाय आलं ओ?"

मी उठून बाहेर गेलो. अंगणात बराच वेळ उभा होतो. परत आलो तेव्हा मेथी निवडून झाली होती आणि ती तशीच बसली होती, माझ्या उत्तराची वाट बघत.