आत्या त्या गाडीत बसली नाही

माझी आत्या दातांच्या कवळ्या बनवते. त्यावरून आमच्या घरात एक विनोद होता: ही लोकांना दात देते आणि बाबांवर दात धरते. विनोद आईचा. बाबा सोडून सगळे त्यावर हसायचे, आत्यासुद्धा. "धरलाय ना," म्हणायची, "लपवून कुठं ठेवलाय?"

कारण होती बाबांची गाडी.

बाबांचं फरशा आणि नळांचं दुकान होतं. ते चालायला लागलं तशी त्यांनी दुधी रंगाची एक लांबलचक गाडी घेतली. आमच्या सगळ्या नात्यागोत्यात तोवर कुणाकडे गाडी नव्हती. मी तेव्हा लहान होते. गाडीत बसण्याआधी बुटांचे तळवे एकमेकांवर आपटायचे, आत काही खायचं नाही, काचेला बोट लावायचं नाही, हे मला अक्षरओळखीच्या आधी पाठ झालं. आईनं एकदा सहज म्हटलं, "मलाही शिकवा की चालवायला." बाबा इतके हसले की तिनं पुढे विषयच काढला नाही.

आत्या गावाच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्यांत आजोबांना घेऊन राहायची. लग्न केलं नव्हतं. सकाळी बसनं लॅबमध्ये जायचं, दिवसभर मेणाच्या साच्यात दात बसवायचे, हिरड्या घासून गुळगुळीत करायच्या, संध्याकाळी तयार कवळ्या पिशवीत घालून दवाखान्या-दवाखान्यांत पायी पोचवायच्या. तिच्या नखांत कायम हिरडीचा तो गुलाबी रंग अडकलेला असायचा. चालून चालून तिच्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या. गाडी नसणं ही काही कमतरता आहे असं तिला तोवर कधी वाटलं नव्हतं.

मग आजोबांच्या पायाचं ऑपरेशन झालं. घरी सोडायच्या दिवशी टॅक्सीवाल्यांचा संप होता. आदल्या दिवशी बाबांनी छातीठोकपणे सांगितलं होतं, "मी आहे ना, गाडी आहे ना." सकाळभर वाट बघून आत्यानं हॉस्पिटलमधून दुकानात फोन लावला.

"अगं, नवी सीटकव्हरं कालच घातलीत," बाबा म्हणाले. "त्यांच्या पायातून अजून पाणी येतंय. वास धरला की जात नाही. राहू दे त्यांना आणखी एखादा दिवस."

"कॉट दुसऱ्याला दिलीय, दादा. बाबा बाहेर बाकावर बसलेत."

"मग बघ काहीतरी. माझ्यासमोर गिऱ्हाईक बसलंय."

तिनं बघितलं. आजोबांना बसनं आणलं. वाटेत काय झालं ते तिनं तेव्हा कुणालाच सांगितलं नाही. आम्हाला दिसलं ते एवढंच की आजोबा त्यानंतर घराबाहेर पडले नाहीत. पाय बरा झाला, काठी घेऊन घरात हिंडायला लागले, पण पायऱ्या उतरून खाली म्हणून गेले नाहीत. वर्षभरात वारले. अंत्ययात्रा निघताना बाबांनी गाडीचं मागचं दार उघडून धरलं आणि म्हणाले, "मने, बस." आत्या त्यांच्याकडे न बघता चालायला लागली. भर उन्हात, सगळ्यांच्या मागून.

तेव्हापासून तिनं जो डूख धरला तो धरला. भांडण केलं नाही, येणंजाणं तोडलं नाही. तसं केलं असतं तर बाबांना बरंच झालं असतं. उलट ती आमच्याकडच्या एकूण एक कार्याला यायची, पायी यायची, आणि मुद्दाम उशिरा यायची. पाहुण्यांनी भरलेल्या खोलीत धुळीच्या पायांनी शिरायची, पदरानं घाम पुसायची आणि कुणीतरी विचारेपर्यंत थांबायची. कुणीतरी विचारायचंच. मग गोड आवाजात म्हणायची, "चालत आले हो. दादाची गाडी आहे, पण ती धुतलेली असते."

माझ्या लग्नात बाबांनी तिला आणायला परस्पर गाडी पाठवली. ती रिकामी परत आली. मागोमाग आत्या आली, चपलेचा तुटलेला पट्टा हातात धरून. माझ्या सासूबाई उठून उभ्या राहिल्या आणि बाबांना म्हणाल्या, "अहो, सख्ख्या बहिणीला तरी आणायचं होतं." बाबांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. पुढे कधीतरी आत्यानं मला सांगितलं की तो पट्टा तिनं कोपऱ्यावर आल्यावर स्वतःच तोडला होता.

अशी वीसेक वर्षं गेली. मग बाबांच्या डोळ्यांना झालं. समोर बघितलं की मधोमध काळा डाग दिसायचा. त्यांनी कुणाला कळू दिलं नाही, पण फाटकाला गाडी घासली, मग शेजाऱ्याच्या भिंतीला घासली, आणि एक दिवस रस्ता ओलांडणाऱ्या बाईला न बघताच निघाले. ती थोडक्यात वाचली. डॉक्टरांनी गाडी कायमची बंद केली. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यायचं, नाहीतर डाग वाढत जाणार.

डोळ्यात सुई म्हटल्यावर बाबांना घाम फुटला. एकट्यानं जायची हिंमत नव्हती. आईला सुई दिसली तरी चक्कर येते. मी लग्नानंतर दुसऱ्या गावात. आईनं आत्याला फोन केला. आत्या म्हणाली, "नेईन की. पण माझ्या पद्धतीनं. टॅक्सी करायची असेल तर तुम्ही तुमचे जा."

म्हणजे बस.

पहिल्या खेपेला तिनं मुद्दाम ऑफिसला जायच्या गर्दीची वेळ निवडली. बाबांना बसच्या दांड्याला कसं धरायचं तेही माहीत नव्हतं. ब्रेक लागला की ते कुणाच्या तरी अंगावर जायचे. आत्या शेजारी उभी राहून बघायची. हात दिला नाही. "पायरी आहे," एवढं म्हणायची, तेही पाय अडखळल्यावर. हॉस्पिटलच्या दारातला स्टॉप सोडून आधीच्या स्टॉपवर उतरवलं आणि उन्हातून चालवत नेलं. बाबा धापा टाकत म्हणाले, "अगं, थोडं जवळ उतरता आलं नसतं का?"

"बघ ना," आत्या म्हणाली. "गाडी नसली की असं होतं."

त्या संध्याकाळी तिनं मला फोन केला तेव्हा तिच्या आवाजात इतका आनंद होता की मला बाबांची कीव आली.

पण तिसऱ्या-चौथ्या खेपेला घोळ झाला. बसमध्ये एक बाई शेजारणीला सांगत होती की स्वयंपाकघरातला नळ सारखा ठिबकतो. बाबांना राहवलं नाही. "वायसर बदललात का?" त्यांनी विचारलं. झालं. आयुष्यभर नळ विकलेला माणूस, दुकान बंद करून घरात बसलेला. त्यांनी अख्ख्या बसला नळ समजावून सांगितला. पुढच्या महिन्यात ती बाई पुन्हा भेटली, नळ थांबल्याचं सांगितलं, आणि बाबांना खिडकीची जागा दिली. मग ड्रायव्हर ओळखायला लागला. नेहमीचे दोन-चार प्रवासी "या काका" म्हणायला लागले. बाबा इंजेक्शनच्या दिवशी पहाटेच आंघोळ करून तयार होऊन बसायचे.

आत्या चिडून फोनवर म्हणाली, "मी त्याला शिक्षा म्हणून नेते आणि याची सहल चाललीय."

म्हणून तिनं राखून ठेवलेलं बाहेर काढलं. परतीच्या बसमध्ये, बाबांच्या डोळ्यावर पट्टी असताना, ती त्यांच्या शेजारी बसली आणि त्या दिवशी आजोबांचं काय झालं ते सांगितलं. सावकाश, शेजारच्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात. आजोबांचा पाय वाटेत आडवा होता. येणाराजाणारा त्याला अडखळायचा आणि प्रत्येकाला आजोबाच "माफ करा" म्हणायचे. बस खड्ड्यात आदळली, आणि त्यांना लघवी झाली. सीटखालून ओघळ पुढे गेला. पुढच्या बाईनं आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. आजोबा उतरेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. घरी आल्यावर म्हणाले, "मने, हे कुणाला सांगू नकोस. दादाला तर नकोच."

"मग आज का सांगितलंस?" बाबांनी विचारलं.

"तुला लागावं म्हणून."

त्यांना लागलं. घरी येऊन ते दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी आत्याला बोलावून घेतलं आणि गाडीची किल्ली तिच्यापुढे ठेवली. "तुझी गाडी," म्हणाले. "नावावर करून देतो. ड्रायव्हर ठेव, काय हवं ते कर. आता या वयात तरी पायपीट करू नकोस." त्यांचे डोळे भरले होते. हे मला फोनवर कळलं तेव्हा वाटलं, मिटलं एकदाचं. आत्यानं किल्ली उचलली आणि विचारलं, "माझी झाली म्हणजे मी हवं ते करीन ना?"

"कर की."

गाडी तिच्या नावावर झाली. त्यानंतरच्या रविवारी सकाळी फाटकाशी क्रेनचा आवाज आला. मी सुट्टीला घरी आले होते. बाबा बाहेर आले, डोळे बारीक करून बघायला लागले. "सर्व्हिसिंगला नेतायत का?" त्यांनी विचारलं.

"भंगारात," आत्या म्हणाली.

बाबा चाचपडत पुढे गेले आणि बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. गल्लीतले लोक गॅलऱ्यांमध्ये आले होते. क्रेनवाल्यानं आत्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "यांना बाजूला घ्या आणि चला." मी बाबांना बाजूला घेतलं. गाडी पुढची चाकं वर करून निघाली आणि आत्या तिच्यामागे चालत कोपऱ्यावर वळली. पार भंगारवाल्याच्या आवारापर्यंत गेली. त्यांनी आधी सीट उपसून बाहेर फेकल्या. दारं निघाली, इंजीन निघालं. सांगाडा उरेपर्यंत ती तिथं एका उलट्या डब्यावर बसून राहिली.

"कसं वाटलं?" मी नंतर विचारलं.

"बरं वाटलं," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? खूप बरं वाटलं."

बाबांनी त्याचा सूड स्वतःच्या डोळ्यांवर उगवला. इंजेक्शनला जाणं बंद केलं. महिना गेला तरी गेले नाहीत, पुढच्या महिन्यातही नाही. टॅक्सी नको, बस नको, बहीण तर नकोच. मी फोनवर रागावले, रडले. ते म्हणायचे, "बघण्यासारखं काय उरलंय?" आत्याला हे कळत होतं. ती ढिम्म होती. "येऊ दे की त्याला माझ्याकडे," म्हणायची.

शेवटी आई गेली तिच्याकडे, लॅबमध्ये. कधी पाऊल न टाकलेल्या त्या खोलीत, मेणाच्या वासात, दातांच्या रांगांपुढे उभी राहिली. आत्याला वाटलं वहिनी विनवणी करायला आलीय. तिनं स्टूल पुढे केलं. आई बसली नाही.

"वन्सं, ती गाडी मी चालवणार होते," आई म्हणाली.

आत्याला कळेना.

"यांचे डोळे गेल्यावर मी विचारलं, आता तरी शिकू का? हो म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी क्लासला नाव घातलं होतं. त्यांना हॉस्पिटलात मीच नेणार होते, बाहेर थांबले असते. त्यांनी तुम्हाला गाडी देताना मला विचारलं नाही, आणि तुम्ही मोडताना नाही. तुम्हा बहीणभावाच्या भांडणात माझं गेलं."

आत्या म्हणाली, "मला माहीत नव्हतं, वहिनी."

"माहीत करून घ्यायचंच नव्हतं तुम्हाला. त्यांनाही नव्हतं. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं." आणि आई निघाली. दारातून वळून म्हणाली, "ते आंधळे झाले तर सांभाळायचं मलाच आहे. तुम्ही तुमचं उट्टं काढून मोकळ्या व्हाल."

त्या दिवशी आत्याच्या हातून एक कवळी बिघडली, वरचे दात खालच्या साच्यात बसले. तिनं ती टाकून दिली आणि अर्ध्या दिवसाची रजा घेऊन थेट आमच्या घरी आली. बाबा खुर्चीत बसले होते.

"चप्पल घाल," ती म्हणाली.

"तू माझी गाडी मोडलीस."

"मोडली. पुन्हा मिळाली तर पुन्हा मोडीन. चप्पल घाल."

"माफी मागायला आलीस का?"

"नाही. तू मागितलीस का बाबांची?"

बाबा खुर्चीच्या कडेला सरकले. मग पायानं चपला शोधायला लागले.

डावा डोळा गेला. मधल्या त्या महिन्यांत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं, डॉक्टर म्हणाले, ते आता परत यायचं नाही. उजवा टिकला. आत्यानं मला हे फोनवर सांगितलं, एका दमात, आणि वर म्हणाली, "गाडीचं मला काही वाटत नाही. त्या दोन महिन्यांचं वाटतं." एवढंच. याहून जास्त ती कधी बोलली नाही, आणि मीही कधी काढून घ्यायला गेले नाही.

इंजेक्शनच्या दिवशी ती अजून येते. दोघं बसनं जातात, वाटेत कशावरून तरी वाद घालतात, परत येतात. बाबा कधीकधी हसतानाही ऐकू येतात. आई मात्र आत्याला दारातून पुढे बोलवत नाही. बाबांना तयार करून उंबऱ्यापर्यंत आणते, त्यांचा हात सोडते आणि दार लावून घेते. मी एकदा म्हटलं, "आई, आता सोड की." आई भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांनी वीस वर्षं धरलं, तेव्हा कुणी म्हणालं नाही सोड. माझं तर आत्ता कुठं सुरू झालंय."