दहापैकी दोन

मोहरीच्या तेलाचा वास आला की घरोघर केबल आली ती वर्षं आठवतात. परदेशी कुस्तीच्या दोन कंपन्या तेव्हा दोन चॅनलवर दिसायच्या. एकीत नुसत्या उड्या आणि खुर्च्यांची हाणामारी, दुसरीत पकडी आणि डाव. मी वहीत रकाने पाडून प्रत्येक मॅचला दहापैकी मार्क द्यायचे. रविवारी मामा लोधीपुऱ्याच्या आखाड्यातून थेट गावाच्या दुसऱ्या टोकाला, लालबागला आमच्याकडे यायचा आणि तेल चोळलेल्या अंगानेच मॅच बघायला शेजारी बसायचा. तो मातीतला पैलवान. "भाचीबाई, आमच्याही कुस्तीचा रकाना पाड ना," म्हणत त्याने मला नागपंचमीच्या कुस्त्यांच्या दंगलीला नेलं, पुरुषांच्या गर्दीत सगळ्यांत पुढे बसवलं. मामा आणि समोरचा पैलवान अर्धा तास एकमेकांना रेटत राहिले. समोरच्याचा हात दोनदा मामाच्या पकडीत आला आणि दोनदा त्याने तो सोडून दिला. कुस्ती बरोबरीत सुटली. मी लिहिलं, 'दोन. कंटाळवाणी. हातातली संधी सोडली.' मामाने मातीच्या हातांनी वही घेऊन उभ्याउभ्या वाचलं. "त्याचा खांदा आधीच उतरलेला होता गं. पिळला असता तर जन्माचा गेला असता." मग हसून म्हणाला, "आणि त्याच्या डोक्यात खुर्ची घातली असती, तर किती देती?" "आठ तरी," मी पटकन म्हणाले. त्याने वही मिटून माझ्या हातात दिली. पुढच्या रविवारी तो आला नाही, त्यानंतरही नाही. आता कुणाला कधी फोन करायचा याचीसुद्धा मी यादी ठेवते. तेव्हा लोधीपुऱ्याला जायला सायकलने वीस मिनिटं लागायची, आणि मी एकदाही गेले नाही.