शेजारच्या काकूंच्या अळकुड्या

धानोऱ्यात आमच्या घरामागे शेजारच्या काकूंचा अळू आहे. मोरीच्या पाण्यावर तो असा माजतो की एकेक पान सुपाएवढं होतं. काकू पानं हवी तितकी द्यायच्या, पण खालच्या अळकुड्या, म्हणजे अळूचे कंद, मागितले की म्हणायच्या, "आजून ल्हान्या शेतस." तीन वर्षं त्या लहानच होत्या.

गेल्या हिवाळ्यात काकू दोन दिवसांसाठी लेकीकडे खांडबाऱ्याला गेल्या. माझ्या थोरल्या जाऊबाईंनी मला नुसतं खुरपं दाखवलं. सांगायची गरजच नव्हती. भर दुपारी दोघी कुंपण ओलांडून गेलो, पुढच्याच ओळीतले चार गड्डे उपटले आणि माती पुन्हा नीट थापली. सोलताना हात खाजले. तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं. आम्ही तेल चोळलं आणि भाजी फोडणीला टाकली. सासऱ्यांना आंबट चालत नाही म्हणून चिंचही घातली नाही.

सासरे निवृत्त मास्तर. सगळं गाव अहिराणी बोलतं, पण ते घरातही पुस्तकातलंच मराठी बोलतात.

"ही कुठून आणली?" त्यांनी विचारलं.

"बजारमाईन," जाऊबाई म्हणाल्या, डोळ्याची पापणी न हलवता.

"उत्तम झाली आहे." तिसऱ्या घासाला ते थांबले. "घशात काहीतरी टोचत आहे." मग खाकरले, पाणी प्यायले, आणि एकदम ओरडले, "अरे बाप रे! मन्हा घसा!"

मास्तरांच्या तोंडून अहिराणी! मला हसू फुटलं, पण तेवढ्यात माझ्याही जिभेला शंभर मुंग्या डसल्या. जाऊबाई तर तोंड उघडं टाकून पदरानं वारा घेत होत्या.

आणि दारात काकू. हातात पिशवी, एक दिवस आधीच परतलेल्या.

"काय व्हयनं, पोरीहोन?" त्यांनी ताटात पाहिलं, मग आमच्या बोटांकडे. तडक घरी गेल्या आणि चिंचेचं पाणी घेऊन आल्या. सासरे गटागटा प्यायले. आंबट असल्याचं त्यांना आठवलंही नाही.

ते आत आडवे झाल्यावर काकू आमच्या कानाशी आल्या. "पुढली वळ चोरसकरता लायेल शे. आम्हना खावाना अळू मांगे, भितडाजवळ."

चोरांसाठी लावलेली ओळच आम्ही उपटली होती! लाजेनं मान खाली घातली. काकू मात्र इतक्या हसल्या की त्यांना ओट्यावर बसावं लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीजवळच्या अळकुड्यांची चिंच-गूळ घातलेली भाजी वाटी भरून पाठवली. सासऱ्यांनी वाटी आमच्या पुढे सरकवली. "आधी तुम्ही दोघी खा." आम्ही खाल्ली. पंधरा मिनिटं ते घड्याळ आणि आमची तोंडं आळीपाळीनं बघत बसले. मग उरलेली सगळी भाजी त्यांनी एकट्यानं संपवली आणि बाजारातल्या त्या भाजीवाल्याला आयुष्यभर सोडणार नाही म्हणाले.

जाऊबाई म्हणाल्या, "हो ना, फसवतात मेले."